शुक्रवारची शीळ

भिवंडीच्या निजामपुऱ्यात इद्रीसचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, पण दुकानापेक्षा त्याच्या कानाचं नाव मोठं होतं. गिऱ्हाईक सेट घेऊन आलं की इद्रीस तो चालू करायचा, डोळे मिटून स्पीकरच्या जाळीला कान लावायचा आणि सांगायचा, "कंडेन्सर गेलाय." किंवा, "वॉल्व्ह थकलाय, अजून महिनाभर ओढेल." मीटर होता त्याच्याकडे, पण तो गिऱ्हाइकाची समजूत पटावी म्हणून. त्याची स्वतःची खात्री आधीच झालेली असायची. जरा आढ्यता होती त्याच्यात, नाही असं नाही. पण उभ्या आयुष्यात माणसाकडे मिरवण्यासारखी एकच गोष्ट असली तर तो ती मिरवणारच, आणि त्याबद्दल त्याला नावं ठेवणाऱ्यांनी आधी आपलं घर बघावं.

अकराव्या वर्षी तो लूमच्या कारखान्यात लागला होता, कांड्या भरायला. धोट्यात बसते ती सुताची छोटी नळी म्हणजे कांडी. पंधराव्या वर्षी स्वतः लूमवर उभा राहिला आणि बाविसाव्या वर्षापर्यंत दिवसाला दोन-दोन शिफ्ट उभा होता. मग मुंबईत एका रेडिओवाल्याकडे काम शिकला आणि १९६६ साली परत येऊन त्याच कारखान्याच्या रस्त्याकडच्या गाळ्यात त्यानं दुकान मांडलं. कारखान्याच्या मालकाचा मुलगा कासम त्याच्याच वयाचा. दोघांनी एका टोपलीत कांड्या भरलेल्या. पुढे बाप गेला, कारखाना कासमकडे आला, आणि इद्रीसचा गाळाही.

दुकानाच्या मागच्या भिंतीपलीकडे कासमचे चोवीस लूम. सहा दिवस सगळी गल्ली हातवारे करून आणि ओठ वाचून बोलायची. शुक्रवारी लूम बंद. त्या दिवशी गल्ली गप्प झाली की एक बारीक शीळ ऐकू यायची, दूर कुठेतरी शिट्टी सुरू राहावी तशी. म्हातारे सांगत, भिंती सहा दिवस आवाज पितात आणि सातव्या दिवशी थोडा थोडा सोडतात. गल्लीत ज्याला विचाराल त्याला ती ऐकू यायची, त्यामुळे त्यात कुणाला काही वावगं वाटलं नव्हतं. इद्रीसलाही नाही.

१९९४ च्या हिवाळ्यात एका शुक्रवारी सकाळी कासम दुकानात येऊन स्टुलावर बसला. कामाचं बोलायचं असलं की तो आधी घसा खाकरायचा. तसा खाकरला.

"इद्रीस, आता रेडिओ कोण दुरुस्त करतं? बिघडला की नवा घेतात. मना सूत ठेवायला जागा नाय. तू दुकान बंद कर आणि माझ्या ऑफिसात बस. पंख्याखाली, इज्जतीनं."

"माझा हात थकला, असं बोलतोस?"

"हात नाय रे. तुझा जमाना थकला. ते वॉल्व्ह-फिल्व्ह आता कोण विचारतो?"

नेमकं त्याच आठवड्यात इंग्लंडहून खोकं आलेलं होतं. इद्रीसची बायको जोहरा, तिचा भाऊ सिराज तिकडे राहायचा. भावजींना वॉल्व्हचं, जुन्या रेडिओतल्या त्या काचेच्या नळ्यांचं, वेड आहे हे त्याला ठाऊक, म्हणून त्यानं जुळणीचा संच पाठवला होता, हेडफोनसाठी वॉल्व्हचा प्रीॲम्प. कॅसेटमधला बारकासा आवाज साफ करून, मोठा करून कानात सोडणारी पेटी. सुटे भाग, भाग बसवायची रिकामी पत्र्याची चासी, दोन वॉल्व्ह, मऊ गाद्यांचा जाडजूड हेडफोन आणि चौदा पानांचं पुस्तक. इद्रीसचं शिक्षण उर्दूत सातवीपर्यंत, पण सर्किटचं चित्र त्याला नकाशासारखं वाचता यायचं, आणि इंग्रजी तो बोट ठेवून ठेवून लावायचा.

त्यानं पुस्तकाचं तेरावं पान कासमपुढे धरलं. त्यावर शेवटची परीक्षा दिली होती. काहीही न जोडता आवाजाचं बटण पूर्ण फिरवा. हेडफोनमध्ये काहीही ऐकू येता कामा नये. आलं, तर चूक जोडणाऱ्याची.

"हे मी करून दाखवतो," इद्रीस म्हणाला. "मग बोल माझ्या जमान्याबद्दल."

कासम हसला. "तीन शुक्रवार देतो. तुझा सेट असा गप्प बसला, तर मी जिवंत हाय तवर दुकानाचं नाव काढणार नाय. नाय बसला, तर चावी माझ्या हातात."

"आणि ठरवणार कोण?"

"तूच ठरव. भिवंडीत तुझ्याएवढा कान कुणाचा हाय? तू बोलशील तेच खरं."

इद्रीसला तेव्हा तो मोठा मान वाटला. छाती फुगवून त्यानं पैज घेतली.

आठ दिवस त्यानं दुसऱ्या कामाला हात लावला नाही. पुस्तकात बजावलं होतं तसा एकेक भाग तपासून, पाय घासून, मग डाग दिला. तारा आखूड कापल्या, जोड्या पिळून बसवल्या, ट्रान्सफॉर्मर दोन वेळा फिरवून पाहिला. पुस्तकात जे लिहिलं ते तो कुराणाची शपथ घेतल्यासारखं पाळत होता. एक सूचना तर लाल अक्षरात होती. सेट बंद करताना आधी हेडफोन काढावा, मगच बटण दाबावं. नाहीतर कानाला धक्का बसेल. कानाला धक्का! इद्रीसनं ती सूचना खडूनं फळीवर लिहून ठेवली आणि एकदाही चुकवली नाही. हेच त्याला पुढे नडलं.

पहिल्या शुक्रवारी, जुम्म्याची नमाज पढून तो दुकानात आला, शटर अर्धं ओढलं आणि बटण दाबलं. वॉल्व्हच्या काचेत तांबूस उजेड आला. परीक्षेआधी एकदा मन भरून ऐकावं म्हणून त्यानं जोहराच्या माहेरच्या लग्नातली कॅसेट लावली. ती त्यानं शंभरदा ऐकली होती. बायका हळदीची गाणी म्हणताहेत, एवढंच त्यात होतं असं तो समजत होता.

आता त्याला बांगड्या ऐकू आल्या. ढोलकीवरचा हात नाही, हातातल्या बांगड्या. कुणी बाई मध्येच खोकली. मागे पोर रडत होतं आणि एक म्हातारी दुसरीला सांगत होती, "पुढचं म्हण गं, थांबू नको." आवाज कानाशी नव्हे, समोर मांडून ठेवल्यासारखे आले होते, हात पुढे केला तर बांगड्या लागतील असे. अठ्ठावीस वर्षं लोकांचे सेट बोलते करून दिले, आणि आपण एक गाणं कधी धड ऐकलं नाही, हे त्याला त्या दुपारी कळलं. त्याच्या डोळ्यांना पाणी आलं. आनंदाचंच होतं ते.

मग त्यानं कॅसेटची तार काढली आणि बटण पूर्ण फिरवलं.

शीळ. बारीक, सरळ, न तुटणारी.

त्यानं हेडफोन काढला. शीळ पुसट झाली. ती भिंतींची, नेहमीची. परत घातला. शीळ वाढली. म्हणजे सेटमधूनच येतेय, यात शंकाच उरली नाही. हेडफोन काढला, सेट बंद केला, आणि स्टुलावर बसून तो पत्र्याकडे बघत राहिला.

वॉल्व्हचा सेट कधी कधी आपसूक शीळ घालतो. एखादी तार दुसरीच्या फार जवळ गेली की आवाज फिरून स्वतःवरच येतो. इद्रीसला हे पाठ होतं. दुसऱ्या आठवड्यात त्यानं तारा एकमेकींपासून दूर केल्या, वॉल्व्हवर पत्र्याच्या टोप्या चढवल्या, अर्थिंग नव्यानं केलं. दुसऱ्या शुक्रवारी परत परीक्षा. शीळ होती तिथेच, जराही कमी नाही.

त्या दुपारी जोहरा डबा घेऊन आली होती. ती समुद्राकाठच्या गावातली. लग्न होऊन इथे आली पण लूमच्या कारखान्यात तिनं कधी पाऊल टाकलं नाही. घरही त्यांचं मशिदीमागे, जरा आतल्या अंगाला. नवऱ्याचं तोंड बघून तिनं न विचारताच हेडफोन कानाला लावला, थोडा वेळ थांबली आणि म्हणाली,

"अवो, काय नाय येत यात."

"काय नाय?"

"काय नाय. विहिरीत बघितल्यासारखं गप्प हाय सगळं."

इद्रीस भडकला. "तुला काय कळतंय यातलं? अठ्ठावीस वर्षं मी हा धंदा करतो, आणि तू मला ऐकायला शिकवतेस?"

जोहरानं हेडफोन खाली ठेवला. भांडण वाढवणं तिच्या स्वभावात नव्हतं, पण ती विसरणारीही नव्हती. डबा उघडून ठेवून ती निघून गेली. इद्रीसनं तो डबा तसाच परत नेला.

तिसरा आठवडा वाईट गेला. त्यानं सगळा सेट उसवला आणि पहिल्यापासून पुन्हा जोडला. सोल्डरिंगच्या सळईनं अंगठा भाजला. मनात एक नवीनच भीती शिरली होती आणि ती त्याला कुणाला सांगता येत नव्हती. चूक सापडत नाही म्हणजे काय? कान सांगतोय शीळ आहे, आणि हात ती शोधू शकत नाही. म्हणजे कासम बोलला तेच खरं. आपला जमाना संपला आणि आपल्यालाच उशिरा कळलं. दुकानाची चावी तो खिशात ठेवायचा. त्या आठवड्यात ती चाचपायची त्याला सवय लागली.

गुरुवारी त्याला उत्तर सापडल्यासारखं वाटलं. कासमचे लूम शुक्रवारी बंद असायचे, पण मागच्या खोलीतलं कांडी मशीन चालायचं, शनिवारची तयारी म्हणून. त्याची मोटर! तीच विजेतून शीळ सोडत असणार. इद्रीसला इतकं हायसं वाटलं की तो तडक कासमच्या ऑफिसात गेला आणि माणसांसमोर ओरडला.

"तू मला हरवायला बसलायस. एकीकडे पैज लावतोस आणि मागून मोटर चालवतोस!"

कासमचा चेहरा उतरला. चाळीस वर्षांत इद्रीसनं त्याला खोटारडा म्हटलं नव्हतं. "उद्या नमाज झाली की येतो," तो म्हणाला, "तू बोलशील ते बंद करतो. मग बघू."

तिसरा शुक्रवार उजाडला. नमाजेनंतर कासम आला, टोपी अजून डोक्यावरच. त्याच वेळी खाडीकाठच्या पूर्णे गावातला म्हातारा केसरीनाथ आपला जुना रेडिओ गोणपाटात बांधून पायरीवर बसला होता. भाताचं खाचर आणि खाडीची मासळी यांच्यापलीकडे त्याला जग नव्हतं, आणि तो नेहमी शुक्रवारीच यायचा, कारण इतर दिवशी या गल्लीत बोललेलं त्याला ऐकू जात नसे. दोघांची तोंडं बघून त्यानं आपलं गाठोडं मागे सारलं.

"बसू का जाऊ?" त्यानं विचारलं.

"बस," इद्रीस म्हणाला. "साक्षीला."

इद्रीसनं सेट चालू केला. वॉल्व्ह तापू दिले. मग त्यानं हेडफोन घातला आणि बटण पूर्ण फिरवलं. शीळ आली. त्यानं मान हलवली आणि भिंतीकडे बोट केलं. मशीन बंद कर.

कासम मागे गेला. आता कासमला विजेचं ज्ञान बेताचंच. कांडी मशीनचं बटण कुठलं आणि पंख्याचं कुठलं, हे त्याची माणसं बघायची, आणि ती मशीन चालू ठेवून जेवायला गेलेली. शिवाय कालचा खोटारडेपणाचा आरोप त्याला लागला होता. अर्धवट काही ठेवायचंच नव्हतं. त्यानं सरळ कारखान्याची मेन खाली ओढली. इद्रीसच्या दुकानाची वीज त्याच मेनवरून यायची.

दुकानातला दिवा गेला. पंखा मंदावला. इद्रीसनं सेटकडे पाहिलं. वॉल्व्हमधला तांबूस उजेड काळपट होत चालला होता. हेडफोन कानावरच होता. वीज आपण बंद केली नव्हती, त्यामुळे तो आधी काढायचा राहून गेला होता. एक छोटा धक्का कानात बसला, पुस्तकात लिहिलेला. मग सेट मेला.

शीळ चालूच होती.

तो थांबला. वॉल्व्ह थंड व्हायला वेळ लागतो, त्यानं स्वतःला समजावलं. काचेतला शेवटचा ठिपका विझला. त्यानं दहा आकडे मोजले. मग भिंतीतला प्लग उपसला. मग हेडफोनची तारच सेटमधून ओढून काढली आणि तिचं टोक हातात धरून उभा राहिला. ते टोक कशालाच जोडलेलं नव्हतं. आणि कानात तीच शीळ, बारीक, सरळ, न तुटणारी.

मागून कासमची हाक आली. "गेली का शीळ?"

"गेली" म्हटलं की संपलं. दुकान राहिलं, नाव राहिलं. आणि ते खोटंही नव्हतं, सेट तर निर्दोष होता. पहिल्या शुक्रवारपासून निर्दोष होता. तीन आठवडे जे उसवत आणि जोडत बसलो ते मुळात बिघडलेलंच नव्हतं. जोहरानं सांगितलं होतं.

"गेली का रे?" कासम दारात आला. "बोल ना."

इद्रीसनं हेडफोन काढून केसरीनाथच्या डोक्यावर चढवला. म्हातारा दचकला, मग शहाण्यासारखा तोंड मिटून बसला.

"काय येतंय?"

"कायच न्हाय. मना त कायच आयकू येत न्हाय, इद्रीसभाय. मेलाय का तुमचा डबा?"

इद्रीसनं तो त्याच्या डोक्यावरून उतरवून कासमच्या डोक्यावर ठेवला. कासमनं भुवया आकसून ऐकलं.

"येतेय की," तो म्हणाला. "बारीक हाय, पण येतेय. तू बोलतोस तशीच."

इद्रीसनं तारेचं मोकळं टोक त्याच्या डोळ्यांसमोर धरलं. कासम त्या टोकाकडे बघत राहिला. हेडफोन काढला, परत घातला, परत काढला. त्याला विजेतलं कळत नव्हतं, पण तुटलेल्या धाग्यातून काही येत नाही हे लूमवाल्याला कळतं.

"भिंतींची असेल," कासम म्हणाला. "शुक्रवार हाय."

"भिंती गप्प आहेत, कासम. त्या कधीच बोलत नव्हत्या. गाद्यांनी बाहेरचं बंद झालं की आपल्याच कानांतली शीळ वाढते."

कासम हळूच पायरीवर बसला. केसरीनाथला काय झालं ते उमगलं नव्हतं, पण कुणाच्या घरी वाईट खबर आल्यासारखा तो मान खाली घालून बसला. गल्लीत कुणीतरी सायकल ढकलत गेलं. इद्रीसला तिची चाकं दिसत होती. आवाज त्याला किती आला आणि किती आपण मनानं भरला, ते आता त्याला सांगता येईना. अठ्ठावीस वर्षं आपण स्पीकरला कान चिकटवत आलो ते ऐकणं तीक्ष्ण म्हणून, की दुरून येत नव्हतं म्हणून? या प्रश्नाची त्याला इतकी भीती वाटली की त्यानं फळीला हात टेकला.

मग त्यानं खिशातली चावी काढली. "तू बोललास, मी बोलेन तेच खरं. मला शीळ येते. घे."

कासमनं हात पुढे केला नाही. "मी पैज सेटवर लावली होती. सेट गप्प हाय. तुझ्या-माझ्या कानांवर पैज नव्हती." आणि मग, दुसऱ्याच आवाजात, "माझ्या कारखान्यात सगळ्यांना येते ही, इद्रीस. सगळे बोलतात, शुक्रवारी येते."

शनिवारी सकाळी सातला लूम सुरू झाले, ते होणारच होते. पण इद्रीसनं कारखान्याच्या दारातून पाहिलं, मेन वर करताना कासम जरा थांबला होता. त्या आठवड्यात त्यानं साफ कापसाचं गाठोडं आणून दारात ठेवलं आणि प्रत्येकानं कानात बोळे घालूनच आत जायचं असा हुकूम काढला. कारागीर हसले, निम्म्यांनी बोळे खिशात टाकले. कासमनं मात्र स्वतःच्या कानात सगळ्यांदेखत घातले आणि संध्याकाळपर्यंत काढले नाहीत. आता त्याचा त्याला काय उपयोग होता, ते तोच जाणे.

इद्रीस त्या तिसऱ्या शुक्रवारी घरी गेला तेव्हा जोहरा तांदूळ निवडत होती. त्याला माफी मागायची सवय नव्हती. तो तिच्यासमोर पाटावर बसला आणि सगळं सांगितलं, कॅसेटमधल्या बांगड्यांपासून तारेच्या मोकळ्या टोकापर्यंत. तिनं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"आत्ता येते?" तिनं विचारलं.

"येते."

"मी बोलते तेव्हा?"

"तेव्हा कमी येते," इद्रीस म्हणाला. ते खरंच होतं.

दुकान त्यानंतरही चाललं. बिघाड तो मीटर लावूनच शोधायचा, आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडलं की काही सांगत बसायचा नाही. दुरुस्त झालेले सेट मात्र तो लगेच परत देत नसे. ते आठवडाभर फळीवर रांगेनं थांबायचे. शुक्रवारी नमाज झाली, गल्ली गप्प झाली की जोहरा डबा घेऊन यायची, स्टुलावर बसायची, डोक्यावरची ओढणी सारून हेडफोन घालायची. इद्रीस एरियल काढून एकेक सेट जोडायचा, बटण पूर्ण फिरवायचा आणि समोर उभा राहून तिच्या तोंडाकडे बघायचा. तिच्या कपाळावर जरा आठी आली तरी सेट परत टेबलावर जायचा.

"बोल," तो म्हणायचा.

"काय नाय," जोहरा म्हणायची.

मग तो सेट पुसून गोणपाटात बांधायला घ्यायचा.